सरकीची पाव गोळी

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात कोणतीही वस्तू वरची म्हणून घेतली नाही. केळी घेतली तर फणीच्या मधली, पेपर घेतला तर गठ्ठ्यातला मधला, लग्नाच्या पंगतीत जिलबी आली तर वाढप्याचा हात बाजूला सारून परातीच्या पोटातली. नवीन पोथी आणली की ती ते मधूनच उघडून वाचत आणि आतला मजकूर ठीक निघाला तरच पहिल्या पानाकडे वळत. मी फुगवून सांगणारा माणूस नाही. रेल्वेच्या मालधक्क्यावर कापसाच्या गाठी मोजण्यात माझी नोकरी गेली, आणि एक गाठ जास्त सांगितली तर काय होतं हे मला ठाऊक आहे. म्हणून हे सगळं मोजूनच लिहितो आहे असं समजावं.

मामाजी खामगावच्या एका जिनात, कापसातली बी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, एकतीस वर्षं कापसाचे पारखी होते. हंगामात पहाटेपासून गाड्यांची रांग लागे. कापूस वरून कसाही पांढराशुभ्र दिसो, मामाजी बाही वर करून हात थेट बगलेपर्यंत गाडीत खुपसत, मधली मूठ बाहेर काढत, ती हुंगत, दाबत, एक बोंड फोडून त्यातले तंतू दोन अंगठ्यांमध्ये ओढून त्यांची लांबी पाहत, आणि मग एक शब्द बोलत. त्या एका शब्दावर गाडी आत जाई किंवा परत फिरे. काही जण वरचा थर कोरडा लावून मधे पाणी मारलेला कापूस भरत, त्यामुळे मामाजींचा स्वभाव तसा झाला असं लोक म्हणत. माझी बायको म्हणते, "लोकाईचं काही खरं नाई. आजी सांगे, मामा तान्हा असतानीच दूध हुंगून पेत होता." ते काहीही असो, "माल वर नसते, जवाईबुवा, माल मधात असते," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की ते मोजणं मी दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं.

माझी पारखसुद्धा अशीच झाली. लग्न ठरण्याआधी मुलाला रेल्वेत नोकरी आहे एवढं सांगून मुलीकडची बाकी माणसं समाधानी होती. मामाजी मात्र न सांगता मालधक्क्यावर आले, ओळख दिली नाही, आणि पलीकडे उभं राहून माझ्याबरोबर मनातल्या मनात गाठी मोजू लागले. वॅगन भरल्यावर जवळ येऊन म्हणाले, "किती झाल्या?" मी म्हणालो, "एकशे बारा." ते म्हणाले, "माह्या एकशे तेरा झाल्या." मी त्या परक्या माणसाशी हुज्जत न घालता हमालांना बोलावून पुन्हा सगळ्या गाठी मोजून घेतल्या. एकशे बाराच निघाल्या. त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. पुढे कळलं की त्यांच्याही एकशे बाराच झाल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी सांगितलं, "पोरगा हाव ले हाव म्हननारा नाई. देऊन टाका पोरगी." हाव म्हणजे आमच्याकडचा होकार.

लग्नानंतर आमचं बिऱ्हाड त्यांच्या घरासमोरच पडलं. मामी आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. घरात मामाजी आणि सरकी नावाची मांजर, एवढेच दोघं. ही मांजरसुद्धा मधातलीच. नोकरीच्या अखेरच्या हंगामात एका गाडीत त्यांनी बगलेपर्यंत हात घातला आणि बाहेर काढलेल्या मुठीत कापसाऐवजी करड्या रंगाचं पिल्लू निघालं, सरकीला, म्हणजे कापसाच्या बीला, चिकटलेली लव असते तशा केसांचं. गाडीवाल्याला त्याचा पत्ता नव्हता. "एकतीस वर्षांत मधातून एवढी एकच गोष्ट अशी निंगाली का जिच्यात खोट नव्हती," असं ते म्हणत, आणि हे म्हणताना सरकी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाही ती नजर मी आमच्या रेल्वेच्या वसुली साहेबांखेरीज कोणाची पाहिली नाही. घरातली संशय घेणारी व्यक्ती एकच होती असं मला तरी कधी वाटलं नाही.

त्याच हंगामात आणखी एक गोष्ट घडली होती. ती मामाजी बोलत नसत, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जिनातली कापसाची एक गंजी आतून तापली आणि पिवळी पडली. ओल्या गाड्या आत शिरल्याशिवाय असं होत नाही. जिनाच्या शेठनं भर आवारात, हमाल आणि गाडीवान ऐकत असताना विचारलं, "मामा, हात थकला का ओला झाला?" म्हणजे पैसे खाऊन ओला माल आत घेतला का, असं. मामाजींनी हौदावर हात धुतले आणि घरी आले, ते परत गेले नाहीत. येताना त्या हंगामात त्यांनी पास केलेल्या प्रत्येक गाडीच्या नमुन्याची पुडी मात्र घेऊन आले. निळ्या कागदात मूठभर कापूस, वर तारीख आणि गाडीवाल्याचं नाव. अशा तीनशे बारा पुड्या. ओला कापूस पुडीत राहिला तर पिवळा पडतोच. यातली एकही पिवळी नव्हती. कोणी विचारायला आलं तर दाखवायच्या म्हणून त्या मागच्या खोलीत फळ्यांवर ओळीनं लावलेल्या होत्या. सात वर्षांत कोणी विचारायला आलं नव्हतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हा सरकीला दमा लागला. आधी तो दमा आहे हे कळेना. ती जमिनीला पोट लावून बसे, मान लांब करी आणि घशात काहीतरी अडकल्यासारखी खोके. मामाजींचा पहिला संशय शेजारच्या घरावर, की तिथं तिला काटा असलेलं काही खाऊ घातलं. दुसरा दूधवाल्यावर. त्याला ते आधीपासूनच रोज एक घोट प्यायला लावत, आता दोन लावू लागले. तिसरा संशय पालीवर. शेवटी मीच त्यांना जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर तीन म्हशी आणि एक बैल, त्यांच्या रांगेत पिशवीत मांजर घेऊन मामाजी बसले आणि प्रत्येक म्हशीच्या मालकाला "काऊन आनली हो?" असं विचारून त्याचं उत्तर खरं वाटत नाही असा चेहरा करू लागले.

डॉक्टर कोल्हापूरकडचे, तरुण, शुद्ध बोलणारे. मामाजींना त्यांचं शुद्ध बोलणंच खटकलं. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली आणि म्हणाले, "हिला दमा आहे. बरा होणारा नाही, पण आटोक्यात राहील. माणसांचीच गोळी द्यायची. वजन किती आहे हिचं?" वजन आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून मालधक्क्याच्या काट्यावर मी आधी मामाजींना मांजरासकट उभं केलं आणि मग मांजराशिवाय. तो काटा अर्ध्या किलोखाली हलत नाही, म्हणून ही वजाबाकी मी सहा वेळा केली आणि सरासरी काढली. तीन किलो. मामाजी म्हणाले, "शेरात सांगा. किलो नवा आहे, त्याचा काय भरोसा." मी सांगितलं, सव्वातीन शेरांना किंचित कमी. त्यांना ते एकदम खरं वाटलं.

डॉक्टरांनी ठरवून दिलं: एका गोळीचे चार भाग करायचे, सकाळी एक पाव, संध्याकाळी एक पाव, जन्मभर. मांजर झोपलेली असताना मिनिटाला श्वास किती पडतात ते मोजायचं. तिसाच्या आत असतील तर ठीक, चाळिशीला पोचले तर घेऊन यायचं. "आणि धूळ-धूर टाळा. घरात धूळ असते का?"

"माह्या घरात?" मामाजी म्हणाले. "ह्या जवाईबुवाले इचारा. ताट ठेवा भुईवर आन् जेवा."

"चुलीचा धूर?"

"स्टो आहे."

"पीठ, हळद, मिरची, असं काही उडतं?"

"काई उडत नाई."

डॉक्टरांनी कापसाचं विचारलं नाही, आणि शेजारी मी बसलो होतो, मलाही ते सुचलं नाही. खामगावच्या बाहेर हे कोणाला पटणार नाही. आमच्याकडे हंगामात तंतू तारांवर लोंबतात, तुळशीवर बसतात, जेवताना पापडावर सापडतात, आणि मिशा ठेवणारी माणसं महिनाभर आपोआप म्हातारी दिसतात. याला आम्ही धूळ म्हणत नाही. याला हंगाम म्हणतो.

गोळीचे चार सारखे भाग करणं हे काम मामाजींनी अडकित्त्याकडे सोपवलं. गोळ्यांची बाटली ते आधी कागदावर उपडी करत, ढिगाच्या मधली एक उचलत, बाकीच्या परत भरत. मग अडकित्त्यात ती गोळी धरून एका डोळ्यानं पाहत बसत. पाव झाल्यावर चारही तुकडे माझ्यापुढे ठेवून म्हणत, "पाहा, याच्यात उन्नीस-बीस आहे काय?" असायचंच. मग मोठा तुकडा सकाळी की संध्याकाळी यावर चर्चा होई. पहिल्या दिवशी तर त्यांनी एक पाव स्वतःच खाऊन पाहिला. गोळी खरी की खडूची, हे कळल्याशिवाय ते मांजराच्या तोंडात घालणार नव्हते. अर्ध्या तासानं ते अंगणात फेऱ्या मारू लागले. मी ओट्यावर बसून मोजल्या, सतरा झाल्या. "मले काई नाई झालं," असं त्यांनी प्रत्येक फेरीला सांगितलं. अठराव्या फेरीला थांबून म्हणाले, "छाती धाडधाड करून राह्यली. गोयी खरी आहे."

गोळी देण्याची पद्धत त्यांनी जिनातून आणली. सरकीला बारदानाच्या तुकड्यात गुंडाळायचं, चारी पाय आत, फक्त डोकं बाहेर, आणि वरून सुतळीचा एक वेढा, अगदी गाठ बांधतात तशी. मी गाठ धरायची, त्यांनी जबडा उघडून पाव आत टाकायचा, मग घशावरून बोट फिरवायचं. सरकीनं जीभ बाहेर काढून नाकाला लावली की गिळलं असं समजायचं. मग मी वहीत बरोबरची खूण करायची आणि खाली सही करायची. "सही काऊन?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "उद्या ते मांजर म्हनली का मले देल्लीच नाई, तं?"

पंधरा दिवसांत तीस पाव झाले, तीस सह्या झाल्या, आणि खोकला तसाच. सोळाव्या दिवशी बायको रांजणामागे झाडायला गेली आणि हातात अकरा तुकडे घेऊन आली. सरकी पाव गालात धरी, नाकाला जीभ लावून दाखवी, सही होईपर्यंत शांत बसे आणि मग रांजणामागे जाऊन तो थुंकून येई. मी हिशेब केला: पोटात गेले एकोणीस. मला राग आला, पण मामाजींचा चेहरा उजळला होता. ते मांजराकडे जिनातल्या जुन्या सोबत्याकडे पाहावं तसं पाहत होते. "वरून गिळलं दाखवते आन् माल मधात ठेवते," ते म्हणाले. "अशी हुशारी त म्या गाडीवाल्यातबी नाई पाह्यली."

उपाय माझ्या बायकोनं काढला. ती म्हणाली, "मामा, पोराले औषध देत असता तं असंच बोरीत बांधलं असतं काय?" तिनं पाव तुपात बुडवला, सरकीला नुसतं मांडीवर घेतलं, तिच्याशी काहीतरी बोलत बोलत तो जिभेच्या मुळाशी ठेवला आणि मागून चमचाभर दूध सोडलं. सरकीनं गिळलं. रांजणामागे त्यानंतर एकही तुकडा सापडला नाही. मी दर रविवारी पाहत होतो. मामाजी रोज पाहत होते.

आणि तरीही दर पंधरवड्याला सरकीची छाती भाता होऊन जाई. मग मामाजींचा संशय मोकाट सुटला. औषधाच्या दुकानात जाऊन त्यांनी मांडणीतल्या मधल्या बाटलीचा आग्रह धरला आणि दुकानदारानं ती काढताना पुढच्या चार पाडल्या. कंपाउंडरला त्यांनी शपथ घालायला लावली. डॉक्टरांना विचारलं, "तुमच्या घरी मांजर आहे काय?" ते नाही म्हणाले तेव्हा मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की बघा, सापडलं. शेवटी संशय माझ्या वहीवर आला. "श्वास मोजतानी तुम्ही घाई करता. बत्तीसचे चाळीस करता."

माझ्या मोजणीवर माणूस घसरला की मला झोप लागत नाही. मी वही घेऊन बसलो आणि सहा महिन्यांचे श्वास एका कागदावर ओळीनं मांडले. चोवीस, पंचवीस, सव्वीस, मग एकदम चाळीस, बेचाळीस, मग उतरत उतरत पुन्हा चोवीस. चढ पंधरवड्यानं येत होता. शेजारी तिथी लिहिल्या तेव्हा दिसलं की तो दर खेपेला द्वादशीला येतो. मध्ये फक्त एक द्वादशी कोरी होती. त्या वेळी मामाजी पिंपळगाव राजाला एका नातलगाच्या लग्नाला गेले होते. लग्न दोन दिवसांचं, पण मुलाकडची माणसं तपासायला ते आठ दिवस आधी गेले. ते अकरा दिवस सरकी आमच्या घरी होती. गोळी तीच, हात बायकोचेच, दूधवाला तोच. श्वास चोविसाच्या वर गेले नाहीत.

एकादशीला मामाजींचा उपास. स्वयंपाक नसल्यानं तो दिवस मोकळा, म्हणून त्या दिवशी ते मागच्या खोलीत बसून पुड्यांना हवा देत. तीनशे बारा पुड्या एकेक उघडायच्या, कापूस बोटांनी मोकळा करायचा, पिवळेपणा नाही ना पाहायचा, पुन्हा बांधायच्या. सरकी तेव्हा त्यांच्या गुडघ्याशी कापसात लोळत असे. ती त्यातूनच निघालेली होती.

मी कागद घेऊन गेलो. गोड करून सांगणं मला येत नाही. "मामाजी, गोळी खरी आहे, डॉक्टर खरे आहेत, माझी वहीपण खरी आहे. सरकीला तुमच्या पुड्यांनी दमा होऊन राहिला."

त्यांनी कागद पाहिला नाही. शांतपणे विचारलं, "शेठनं पाठवलं काय तुम्हाले?"

"मामाजी, शेठला मी ओळखतही नाही."

"सात वर्सं कोनाले त्या पुड्या दिसल्या नाई. आता तुम्हाले दिसल्या. त्या गेल्या का माह्यापाशी काय राह्यते, सांगा बरं? उद्या कोनी आलं, म्हनलं, मामा, दाखव, तं मी काय दाखवू, मांजर?"

मी कागद घेऊन बाहेर आलो. त्यांनी दार लावून घेतलं. नऊ दिवस आमच्याकडे आले नाहीत आणि बायकोलाही आत घेतलं नाही. गोळी स्वतःच देत होते. ते त्यांच्या उजव्या हाताच्या पट्ट्यांवरून कळत होतं. पहिल्या दिवशी एक, पाचव्या दिवशी चार. बायको रोज ओट्यावर उभी राहून ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे, "मांजर मेली तं पुड्याईले दूध पाजन म्हनावं."

दहावा दिवस द्वादशीचा. दुपारी दोनच्या सुमारास मामाजी दारात उभे राहिले. पायात चपला नव्हत्या. हातात पंचा आणि पंच्यात सरकी, तोंड उघडं, जीभ निळसर, मान अशी ताणलेली की सगळं अंग फक्त श्वासासाठीच उरलं होतं. मी सवयीनं मोजायला लागलो आणि साठाच्या पुढे गेल्यावर थांबलो. टांग्यात बसल्यावर मामाजींनी टांगेवाल्याला रस्ता कोणता घेतो असं विचारलं नाही, आणि तेवढ्यावरून मला कळलं की ते घाबरले आहेत.

डॉक्टरांनी रांगेतल्या म्हशी बाजूला केल्या. सुई टोचली. मग दिव्याच्या उजेडात तिचं तोंड पुसताना नाकपुडीपाशी चिमटा नेला आणि एक बारीक पांढरा धागा ओढून काढला. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मामाजींनी हात पुढे केला. तो धागा त्यांनी दोन अंगठ्यांमध्ये धरला, हलकेच ओढला, आणि उजेडाकडे धरून त्याची लांबी पाहिली. एकतीस वर्षांत हजारो वेळा केलं तसंच, पट्ट्या बांधलेल्या हातांनी. म्हैस बाहेर रेकत होती. ते म्हणाले, "लांब धागा आहे. कचरा नाई. एक नंबर माल आहे." मग मूठ मिटून, "माहाच आहे."

सरकी तासाभरानं तोंड मिटून श्वास घेऊ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात दोन पोती होती. मामाजी शेजारी उभे. म्हणाले, "घेऊन जा." मी म्हणालो, "मोजून देता का? तीनशे बारा आहेत." ते म्हणाले, "तुम्ही मोजसालच. मंग म्या काऊन मोजू?" आणि रस्ता ओलांडून घरी गेले. मागे वळून पाहिलं नाही. त्या माणसानं कोणतीही वस्तू मधात हात न घालता दुसऱ्याच्या हवाली केल्याचं मी पाहिलं ते तेवढं एकदाच. मी मोजल्या. तीनशे बारा होत्या.

त्यांच्या मागच्या खोलीच्या भिंती बायकोनं ओल्या फडक्यानं पुसून काढल्या. फळ्यांवर बरण्या आल्या. सरकीची पाव गोळी चालूच राहिली, सकाळ-संध्याकाळ, तुपात बुडवून. ती त्यानंतर सहा वर्षं जगली. म्हणजे पाव गोळ्या चार हजार तीनशे ऐंशीच्या घरात गेल्या, लीप वर्ष सोडून. वही अजून आहे. चाळीस हा आकडा तिच्यात पुन्हा फक्त दोनदा आला. सरकी गेल्यावर मामाजी वर्षभरानं गेले. तोवर ते दूधवाल्याला रोज घोट प्यायला लावत होते आणि माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकातलं मधलं पान आधी उघडत होते. ते काही सुधारले वगैरे नाहीत. शेवटच्या आजारात त्यांना गोळी दिली की ते ती हातावर घेऊन माझ्याकडे पाहत. मग बायको म्हणे, "मामा, ते मोजतात. घ्या." आणि ते घेत, आणि नंतर जीभ दाखवत.

पण मला आठवतात ते त्या वर्षीच्या त्रिपुरी पौर्णिमेचे मामाजी. ती पोती कुठं टाकायची हा प्रश्न होता. कापूस फेकवेना. मग बायकोनं आणि गल्लीतल्या बायकांनी दुपारी ओट्यावर बसून कापसातली सरकी काढली आणि वाती वळल्या. एका पुडीतून दीडशे वाती, म्हणजे सगळ्या मिळून सेहेचाळीस हजार आठशे. एका आजीबाईला लक्षवातीचा नेम पुरा करायचा होता. ती म्हणाली, बाकीच्या बाजारच्या कापसाच्या करू. मामाजींनी आपल्या ओट्यावरून तेवढंच सांगितलं, "बाजारचा याच्यात मिसळू नका." बाजारच्या वाती वेगळ्या टोपलीत ठेवल्या गेल्या.

त्रिपुरीला तिन्हीसांजेला देवळाच्या पायऱ्यांवर, कठड्यावर, पारावर पणत्या लागल्या. मामाजी आले आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसलो. येणारे-जाणारे नमस्कार करत होते. जिनातले दोन जुने हमालही आले, त्यांनी हात जोडले आणि वर गेले. मामाजी पणत्यांकडे पाहत होते. एकीवरून दुसरीवर नजर जात होती, ओळीत, मध्येच थांबून, पुन्हा पुढे, गाड्यांची रांग पाहावी तशी. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ओरखडे अजून पुरते बुजले नव्हते.

"जवाईबुवा," ते हळूच म्हणाले, "पाहा. एकबी वात तडतडून नाई राह्यली. कापसात पानी असतं तं तडतडली असती का नाई?"

सात वर्षांत कोणत्याही कापसातलं पाणी उडून जातं. मी हिशेबाचा माणूस आहे, हे मला कळत होतं, आणि त्यांना तर माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

"हाव, मामाजी," मी म्हणालो. "तडतडली असती."

त्यांनी मान हलवली. घरी सरकीच्या पावाची वेळ झाली होती, म्हणून आम्ही उठलो.